मंत्र व मांथ्र : वैदिक आणि झरथुष्ट्री परंपरांतील पवित्र शब्दाचें सामर्थ्य

मंत्राचें सामर्थ्य त्याच्या ध्वनींत आहे कीं त्याच्या अर्थांत आहे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. यास्काच्याहि पूर्वीं तो विचारला गेला होता व त्याचें एक धीट उत्तरहि दिलें गेलें होतें. परंतु या प्रश्नाचा विचार बहुधा एकट्या वेदांपुरताच केला जातो. वेदभाषेची सख्खी बहीण म्हणावी अशी जी अवेस्ता-भाषा, तींतील धर्मग्रंथांनीं हाच प्रश्न आपल्या रीतीनें हाताळला आहे. आणि दोन्ही परंपरा शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे एकीकडे जें अंधुक दिसतें तें दुसरीकडच्या उजेडांत स्पष्ट होतें. अलीकडे मंत्रांविषयीं जीं लहानमोठीं पुस्तकें निघतात त्यांत ध्वनिलहरींचा उल्लेख पुष्कळ असतो, आणि मूळ ग्रंथ काय म्हणतात याचा फार थोडा. तेव्हां मूळ ग्रंथांकडेच जाऊन ते काय सांगतात हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दच घेऊं. संस्कृत ‘मंत्र’ व अवेस्ता ‘मांथ्र’ हा मुळांत एकच शब्द होय. मन् हा धातु आणि ‘त्र’ हा साधनवाचक प्रत्यय. श्रोत्र, वस्त्र, अरित्र यांत जो प्रत्यय आहे तोच हा. ज्या साधनानें मन विचाराला धरतें तो मंत्र. यास्कहि मंत्र शब्द मननावरूनच लावतो. मनन करणाराचें जो त्राण करतो तो मंत्र, ही सर्वत्र ऐकूं येणारी व्युत्पत्ति उत्तरकालीन आहे. भाविकाला ती गोड वाटली तरी व्याकरण तिला साक्ष देत नाहीं, आणि इराणी शब्दांत तर त्राणाचा मागमूसहि नाहीं.

शब्द एक आहे इतकेंच नव्हे, तर त्याच्याभोंवतालची बोलण्याची रीतहि एक आहे. ऋग्वेदाचे ऋषि मंत्र ‘तक्षितात’, म्हणजे सुतारानें रथ घडवावा तसा घडवितात; पहिल्या मंडलाच्या 67व्या सूक्तांत हृदयानें घडविलेल्या मंत्रांचा उल्लेख आहे. झरथुष्ट्राच्या गाथांत (यस्न 29.7) अहुर मज़्दानें मांथ्र घडविला असें म्हटलें आहे, व तेथें क्रियापद हेंच, तक्ष् धातूचें इराणी रूप. दोन्ही भाषा वेगळ्या होण्यापूर्वीं त्यांच्या सामाईक कवींच्या तोंडीं असलेला हा वाक्प्रयोग आहे, यांत शंका घेण्यास जागा नाहीं. भेद इतकाच कीं वेदांत घडविणारा ऋषि आहे व गाथेंत घडविणारा परमेश्वर. पुढें मीमांसकांनीं वेद अपौरुषेय ठरवून घडविणाराच काढून टाकला. ऋग्वेदाच्या ऋषींना तें ऐकून नवल वाटलें असतें!

झरथुष्ट्र स्वतःला मांथ्रन्, म्हणजे मंत्र धारण करणारा, म्हणवितो, आणि एके ठिकाणीं (यस्न 33.6) ज़ओतर् म्हणवितो, म्हणजे आपला ‘होता’. नंतरच्या अवेस्तेंत मांथ्र स्पेन्त, म्हणजे पवित्र मंत्र, ही स्वतंत्र पूज्य देवता झाली. वेन्दिदादांत तिला अहुर मज़्दाचा आत्मा म्हटलें आहे. पारशी महिन्याच्या 29व्या रोजाचें ‘मारेस्पंद’ हें नांव तिचेंच. स्रओष या देवतेचें एक विशेषण आहे ‘तनु-मांथ्र’: मंत्र हेंच ज्याचें शरीर. स्रओष शब्द श्रु धातूपासूनचा आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे आपल्या ‘श्रुति’ शब्दाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मंत्र ही प्रथम ऐकण्याची वस्तु आहे, वाचण्याची नव्हे, याविषयीं दोन्ही कुळांचें एकमत होतें.

आतां वर म्हटलेल्या धीट उत्तराकडे वळूं. निरुक्ताच्या पहिल्या अध्यायांत यास्कानें कौत्स नामक आचार्याचें मत दिलें आहे. मंत्र अनर्थक आहेत, असें कौत्साचें म्हणणें. त्याचे आक्षेप वरवरचे नाहींत. मंत्रांतील शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. अर्थच सांगावयाचा असता तर शब्द बदलून कां चालूं नये? मंत्रानें जें कर्म करावयाचें तें ब्राह्मणग्रंथ निराळें सांगतातच, मग मंत्राच्या अर्थाचें प्रयोजन काय? वनस्पतीला ‘याचें रक्षण कर’ आणि कुऱ्हाडीला ‘याला इजा करूं नकोस’ असें सांगणें हा अर्थ तरी कसला? एके ठिकाणीं रुद्र एकच, दुसरा नाहीं. दुसरीकडे रुद्र हजारोंनीं. आणि कित्येक शब्दांचा तर अर्थच लागत नाहीं.

हा कौत्स वेदनिंदक नव्हता. तो वैदिकच होता, किंबहुना कर्मठांतला कर्मठ असावा. मंत्र अर्थासाठीं नसून विनियोगासाठीं आहेत, असा त्याचा पक्ष दिसतो. यास्कानें त्याला एकेक उत्तर दिलें आहे. लोकांतहि शब्दांचा क्रम ठरलेला असतो. पितापुत्र म्हणतात, पुत्रपिता कोणी म्हणत नाहीं. विसंवाद दिसतो तो वर्णनाच्या रीतीमुळें. आणि शब्द दुर्बोध असेल तर आंधळा खांबावर आदळला हा खांबाचा दोष नव्हे. हें शेवटचें उत्तर चमकदार आहे, पण यास्काची खरी बाजू त्यानें सिद्ध होत नाहीं. ती सिद्ध होते त्याच्या उरलेल्या ग्रंथानें, जेथें तो मंत्रामागून मंत्र घेऊन अर्थ लावून दाखवितो. मराठी वाचकांस वैजनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या निरुक्ताच्या भाषांतरावरून या वादाची कल्पना चांगली येईल. जैमिनीनें मीमांसासूत्रांच्या पहिल्याच अध्यायांत हाच वाद पुन्हां उभा केला व तडजोड सुचविली ती अशी: मंत्र सार्थ आहेत, कारण करावयाच्या कर्माची ते आठवण देतात, परंतु ती आठवण दुसऱ्या शब्दांनीं न करतां मंत्रानेंच करावी असा नियम आहे, आणि तो नियम पाळण्यांतच अदृष्ट फल आहे. अर्थ मंत्राला परत दिला, पण सत्ता नियमाच्या हातीं ठेवली. मीमांसकांचा हा धूर्तपणा वाखाणण्यासारखा आहे.

ध्वनिपक्षाचे लोक नेहमीं जें उदाहरण देतात तें इन्द्रशत्रूचें. विश्वरूप या आपल्या पुत्राला इन्द्रानें मारलें म्हणून त्वष्टा संतापला. त्यानें आहुति टाकून ‘इन्द्रशत्रु’ वाढो असें म्हटलें. त्याच्या मनांत तत्पुरुष होता: इन्द्राचा शत्रु, म्हणजे इन्द्राला मारणारा, त्याचा उदात्त अंत्य अक्षरावर. तोंडून गेला बहुव्रीहि: इन्द्र ज्याचा शत्रु, म्हणजे ज्याला इन्द्र मारणार तो, त्याचा उदात्त आद्य अक्षरावर. वृत्र जन्मला, वाढला, आणि इन्द्राच्या हातून मेला. ही कथा तैत्तिरीय संहितेंत आहे, शतपथांत आहे. पतंजलीनें ती व्याकरणाच्या प्रयोजनांत घातली आणि शिक्षाकारांनीं ती पाठ करण्याजोगी केली. शाळेंत समास शिकवितांना हें उदाहरण फार उपयोगी पडे. मुलें सूत्रें विसरत, पण त्वष्ट्याची फजिती विसरत नसत.

परंतु ही कथा खरोखर काय सिद्ध करते? स्वर चुकला म्हणून अनर्थ झाला हें खरें. पण स्वर चुकल्यानें अर्थ बदलला, आणि जें घडलें तें त्या बदललेल्या अर्थाप्रमाणें घडलें. ध्वनीच्या अंगीं अर्थनिरपेक्ष शक्ति असती तर चुकलेल्या मंत्रानें कांहींच घडावयास नको होतें, किंवा कांहीं तरी भलतेंच घडावयास हवें होतें. येथें मंत्र पूर्णपणें यशस्वी झाला आहे! त्वष्ट्याच्या मनांत काय होतें हें विश्वानें विचारलें नाहीं. त्यानें काय उच्चारलें व त्या उच्चाराचा व्याकरणानें काय अर्थ होतो, एवढेंच पाहिलें. म्हणून ध्वनिवाद्यांचें हें आवडतें उदाहरण अर्थपक्षाचाच पुरावा आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. मात्र तो अर्थ वक्त्याच्या इच्छेचा नव्हे, शब्दाच्या ठरलेल्या रूपाचा.

अवेस्तेंत या कथेच्या तोलाची गोष्ट आहे ती अहुन वइर्य मंत्राची. हा मंत्र त्याच्या आरंभावरून ‘यथा अहू वइर्यो’ या नांवानेंहि ओळखला जातो. पहिल्या गाथेला ‘अहुनवइति’ हें नांव मिळालें तेंहि यावरूनच. तीन ओळी, 21 शब्द. पारशी मुलाला जे मंत्र सर्वांत आधीं शिकवितात त्यांत हा असतो. यस्नाचा 19वा अध्याय म्हणजे या एका मंत्रावरचें अवेस्ता-भाषेंतीलच भाष्य होय. आकाशापूर्वीं, जलापूर्वीं, पृथ्वीपूर्वीं, अग्नीपूर्वीं अहुर मज़्दानें हा उच्चारला, असें तेथें सांगितलें आहे. जो तो नीट म्हणेल त्याचा आत्मा सेतु ओलांडून उत्तम लोकीं जाईल. आणि म्हणतांना जो त्याचा अर्धा, तिसरा, चौथा किंवा पांचवा हिस्सा गाळील त्याचा आत्मा त्या लोकापासून पृथ्वीच्या विस्ताराइतका दूर लोटला जाईल. स्वरानें किंवा वर्णानें हीन झालेला मंत्र यजमानाचाच घात करतो, हें आपल्या शिक्षाग्रंथांतील वचन ज्यांना पाठ आहे त्यांना येथें परकेपणा वाटणार नाहीं. फरक पाहण्यासारखा आहे तो असा: आपल्याकडील धाक स्वराचा व वर्णाचा, यस्नांतील धाक गाळण्याचा.

पहलवी ‘बुन्दहिश्न’ ग्रंथांत हीच कल्पना महाकाव्याच्या थाटांत आली आहे. सृष्टीच्या आरंभीं ओहर्मज़्दानें अहुनवर उच्चारला. एक तृतीयांश ऐकतांच अह्रिमन भयानें अंग चोरून राहिला. दोन तृतीयांश होतांच गुडघ्यांवर पडला. सगळा ऐकल्यावर मूर्च्छित होऊन 3000 वर्षें अंधारांत पडून राहिला. वेन्दिदादाच्या 19व्या अध्यायांत झरथुष्ट्रहि याच मंत्रानें अंग्र मइन्यूनें धाडलेल्या दैत्याला परतवितो. यस्न 9 प्रमाणें हा मंत्र प्रथम चार वेळां म्हणणारा मनुष्य झरथुष्ट्रच. वेन्दिदादाच्या 10व्या अध्यायांत तर कोणते मंत्र दोनदां, कोणते तीनदां व कोणते चार वेळां म्हणावयाचे याची यादीच दिली आहे. आपल्या दर्शपूर्णमासांत 11 सामिधेनी ऋचांपैकीं पहिली व शेवटची तीन-तीन वेळां म्हणून 15 करितात, त्याच धाटणीचा हा हिशेब.

या मंत्राच्या 21 शब्दांस अनुसरून मूळ अवेस्तेचे 21 नस्क, म्हणजे ग्रंथ, झाले असें पहलवी परंपरा सांगते. त्यांतला वेन्दिदाद तेवढा संपूर्ण उरला. पतंजलि ऋग्वेदाच्या शाखा सांगतो त्याहि 21. संख्या जुळली म्हणून उगम एक, असें अनुमान कोणी करूं नये. आंकडे जुळविण्याचा मोह या क्षेत्रांत फार आहे. त्याचप्रमाणें गायत्री मंत्र व अहुन वइर्य यांचें साम्यहि जपून सांगावें. दोन्ही त्रिपाद आहेत. एकांत ‘वरेण्य’ व दुसऱ्यांत ‘वइर्य’ असे वृ धातूचे शब्द आहेत, आणि दोहोंचें आपापल्या समाजांतील स्थान एकसारखें आहे. इतकें खरें. पण गायत्रीचे पाद आठ अक्षरांचे, अहुनवराची ओळ सोळा अक्षरांची. एकांत सवित्याचें तेज, दुसऱ्यांत निवडावयाचा स्वामी व दीनांचा पालक. एकाचें दुसरें रूप नव्हे.

आणि अहुनवराचा अर्थ? येथें कौत्स हसला असता. ज्या मंत्रानें अह्रिमन मूर्च्छित झाला त्याच्या अर्थाविषयीं दोन पंडितांचें एकमत होत नाहीं. ‘अहू’ म्हणजे स्वामी, कीं ‘जीवन’ या शब्दाची विभक्ति. ‘रतु’ म्हणजे न्याय देणारा, कीं आदर्श. पहिलें वाक्य कोठें संपतें: सगळेंच वादग्रस्त. स्थूलमानानें इतकें म्हणतां येतें कीं अषाला, म्हणजे ऋताला, अनुसरून स्वामी निवडावा, सत्कर्में मज़्दाला अर्पावीं, आणि राज्य त्याचें कीं जो दीनांचा पालक. शेवटचा ‘वास्तर्’, गुराखी या अर्थाचा शब्द, निःसंशय आहे. गाईचा गुराखी तोच दीनांचा रक्षक, ही गाथांची आवडती कल्पना. एवढा भाग निश्चित कळतो, आणि तो कळल्यावर या मंत्राचें सामर्थ्य निव्वळ ध्वनींत होतें असें म्हणवत नाहीं. ज्यांत दुर्बलाच्या रक्षणाचें वचन आहे त्या वाक्यानें दुष्टाला मूर्च्छा यावी, यांत एक संगति आहे.

मंत्रचिकित्सेविषयीं थोडक्यांतच सांगतों. वेन्दिदाद (7.44) तीन प्रकारचे वैद्य सांगतो: शस्त्रानें बरें करणारा, वनस्पतींनीं बरें करणारा, मांथ्रानें बरें करणारा, व तिसरा श्रेष्ठ. ‘बएषज़’ हा तेथील शब्द म्हणजे आपलें ‘भेषज’. याच ग्रंथाच्या 22व्या अध्यायांत अंग्र मइन्यूनें 99,999 रोग निर्माण केल्यावर मांथ्र स्पेन्ताला व मग अइर्यमन्, म्हणजे अर्यमा, या देवतेला पाचारण केलें आहे. ऋग्वेदाचें ओषधिसूक्त (10.97) व अथर्ववेदाचीं भैषज्यसूक्तें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना यांत नवें कांहीं नाहीं. औषधि कुटतांना मंत्र म्हणणारा वैद्य मंत्र आणि मुळी यांत विरोध मानीत नसे. तो विरोध आपला आहे.

आतां या विषयांतील सर्वांत रसाळ भागाकडे येतों, तो जतनाचा. मंत्राचें रूप अक्षय राखलें पाहिजे हें दोघांनाहि मान्य. पण उपाय वेगळे. वैदिकांनीं लेखणीवर विश्वास ठेवला नाहीं. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं त्यांनीं प्रत्येक शब्द मागेंपुढें, उलटसुलट शेजाऱ्याशीं बांधला, कीं एक शब्द निसटला तर सारी वीण उसवावी. अल्-बीरूनी सुमारें 1030 सालीं लिहितो कीं, काश्मीरच्या एका ब्राह्मणानें नुकताच कोठें वेद लिहून काढला. इराणांत सासानी राजांच्या काळीं याच्या उलट झालें. तेथील मोबेदांनीं अवेस्तेसाठीं मुद्दाम नवी लिपि तयार केली. पहलवी लिपींत स्वरचिन्हांची जी दैना होती ती टाळून पन्नासावर अक्षरांत उच्चाराची प्रत्येक छटा टिपली. एकानें कंठ पढविला, दुसऱ्यानें कान लिहून ठेवला.

दोन्ही उपायांत कांहीं राहिलें, कांहीं गेलें. अवेस्तेंतून उदात्तादि स्वर गेले. लिपीनें ते टिपले नाहींत, कदाचित् तोंवर उच्चारांतूनहि गेले असतील. त्याची किंमत मोठी आहे. वेदांत ‘यथा’ने आरंभ झालेल्या गौण वाक्याचें क्रियापद उदात्त असतें, मुख्य वाक्याचें अनुदात्त, म्हणून वाक्य कोठें संपलें हें स्वरच सांगतो. गाथांचा अर्थ लावणाराला ही सोय नाहीं. तरीहि स्वर पुरता पुसला गेला नाहीं. वैदिक ‘मृत’ अंतोदात्त आहे. अवेस्तेंत तो ‘मेरेत’ असाच राहिला. वैदिक ‘अमृत’ यांत उदात्त ऋकारावर आहे. अवेस्तेंत तेथें ऋ व त मिळून ‘ष’ झाला, व शब्द झाला ‘अमेष’: ‘अमेष स्पेन्त’ यांतला. म्हणजे ज्या अक्षरावर एके काळीं उदात्त होता तेथें व्यंजन बदललें, नव्हता तेथें बदललें नाहीं. स्वर निघून गेला, पण ओल्या जमिनीवर पाऊल उमटावें तसा त्याचा ठसा राहिला. हा ठसा ओळखतां आला तो केवळ आपल्या वैदिकांनीं स्वर जिवंत ठेवला म्हणून. ज्या दशग्रंथी ब्राह्मणाला अवेस्ता हें नांवहि ठाऊक नव्हतें त्यानें झरथुष्ट्राच्या भाषेचा स्वर सांभाळून ठेवला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

उलट वेदाकडेहि कांहीं गेलें. गायत्री मंत्राचीं आज म्हणतां तीं अक्षरें मोजलीं तर 24 न भरतां 23 भरतात. छंदःशास्त्रानें त्याला ‘निचृत्’ असें नांव देऊन तें नियमांत बसविलें. मूळ उच्चार ‘वरेणियम्’ असा चार अक्षरी होता. ‘वइर्यो’चेंहि तसेंच, छंद तेथें एक अक्षर अधिक मागतो. आणि गाथांत प्रत्येक शब्दाचा अंत्य स्वर दीर्घ लिहिलेला आढळतो, तो व्याकरणानें नव्हे; संथ लयींत म्हणतांना शेवटचा स्वर लांबत असे, तीच लांबी लेखकानें कागदावर उतरविली. म्हणणाराचा श्वास त्यांत अडकून राहिला आहे.

याच संदर्भांत एका कागदाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑरेल स्टाइन यानें मध्य आशियांतील तुन्-ह्वांग येथून आणलेल्या कागदांत सोग्दी लिपींतील एक तुकडा आहे. तो लंडन येथें ठेवलेला आहे. त्याचा काळ सुमारें इसवी सनाचें नववें शतक. अवेस्तेच्या यस्नाच्या ज्या जुन्या पोथ्या आज आहेत त्यांत खंबायत-नवसारीकडे मिह्रबान कइखुस्रव यानें 1323 सालीं लिहिलेल्या पोथ्या प्रमुख. त्यांहून हा तुकडा सुमारें चारशें वर्षांनीं जुना. 1976 सालीं गेर्शेविच यानें दाखवून दिलें कीं त्याच्या आरंभीं ‘अषेम् वोहू’ हा 12 शब्दांचा मंत्र आहे. पण त्याची भाषा ना सोग्दी, ना पोथ्यांतली अवेस्ता: ‘अष’ या शब्दाच्या जागीं तेथें ‘र्त’ हा जोडध्वनि आहे, म्हणजे आपल्या ‘ऋत’ शब्दाच्या जवळचा. मंत्र म्हणणारा सोग्दी व्यापारी असो वा पुरोहित, पोथीशीं संबंध नसलेल्या कोणत्या तरी तोंडी परंपरेनें त्याच्यापर्यंत शेंकडों वर्षांपूर्वींचा उच्चार पोंचला होता. त्याला त्या उच्चाराचा अर्थ कळत होता असें मानण्यास कांहींच आधार नाहीं.

येथेंच मूळ प्रश्नाचें उत्तर मला दिसतें. कौत्साचें म्हणणें मत म्हणून चूक आहे. पण त्याच्या पक्षाचे लोक, म्हणजे अर्थाकडे न पाहतां शब्द जसाच्या तसा सोडून देणारे पाठक, नसते तर यास्काला अर्थ लावावयास कांहीं उरलें नसतें. ज्याला अर्थ कळतो, किंवा कळतो असें वाटतें, तो दुरुस्ती करतो. न कळणारा ती करीत नाहीं. पहलवी भाषांतरकारांना गाथांच्या विभक्त्या उमगत नव्हत्या. त्यांचें भाषांतर शब्दाला शब्द ठेवणारें आहे आणि कित्येकदां विपरीत आहे. पण त्याच मोबेदांनीं मूळ पाठांतील द्विवचनें, जुनीं क्रियारूपें, एकदांच येणारे शब्द, जसेंच्या तसें पुढें दिलें. फ्रिट्स स्टाल या डच पंडितानें कौत्साचा पक्ष आपल्या काळांत पुन्हां उचलला. केरळांत पांजळ येथें 1975 सालच्या एप्रिलांत झालेलें 12 दिवसांचें अग्निचयन त्यानें चित्रित केलें, आणि 1989 सालच्या ग्रंथांत विधि व मंत्र हे अर्थाविना नियम आहेत असा सिद्धांत मांडला. सामगानांतील हाउ, होइ असे स्तोभ त्याचें मुख्य हत्यार. पण त्या स्तोभांनाहि छांदोग्य उपनिषदानें (1.13) अर्थ दिलाच आहे: कोणी हें जग, कोणी वायु. तो अर्थ मूळचा नसेल. तरी निरर्थक अक्षर निरर्थक राहूं देण्यास आपल्या पूर्वजांचें मन तयार नव्हतें, हेंहि प्रमाणच आहे. स्टालनें वर्णन केलें तें मंत्र कसा टिकतो याचें. मंत्र कशासाठीं आहे याचें नव्हे.

या दोन परंपरा जिवंत स्थितींत शेजारीं ठेवून पाहण्याचें काम पुण्यांत पूर्वींच झालें आहे. ब्यूर्नूफनें पॅरिसांत 1833 सालीं यस्नावरचें आपलें भाष्य प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तो नेर्योसंघाच्या संस्कृत भाषांतराच्या आधारें; पण त्याच्यापुढें पोथ्याच होत्या. मार्टिन हाउग 1859 सालीं पुण्यास संस्कृताचा अध्यापक म्हणून आला व 1866 पर्यंत राहिला. ऐतरेय ब्राह्मणाचें भाषांतर (1863) करितांना पोथीवर न थांबतां एका श्रौती ब्राह्मणाकडून इष्टि प्रत्यक्ष करवून ती त्यानें पाहिली. आणि पारशी दस्तुरांशीं परिचय असल्यामुळें ज्योतिष्टोम व यजिश्न यांची तुलना त्याला अंगानें करतां आली. 1862 सालच्या त्याच्या निबंधांत गाथा हा अवेस्तेचा सर्वांत जुना व झरथुष्ट्राचा स्वतःचा भाग आहे हें आग्रहानें मांडलें आहे. त्याचीं बरींच अनुमानें आज टिकत नाहींत. देव व असुर यांच्या नांवांवरून त्यानें रचलेली धर्मकलहाची कथा तर नाहींच टिकत. पण पाहण्याची दृष्टि बरोबर होती.

नेर्योसंघाचा उल्लेख वर आला. गुजराथेंत स्थायिक झालेल्या पारशी समाजाचा हा पंडित. त्यानें यस्नाचा मोठा भाग पहलवींतून संस्कृतांत आणला. आपल्या मंत्रांचा अर्थ आपल्या लोकांना कळावा म्हणून परक्या देशाच्या पंडिती भाषेचा आश्रय करणें, हें धाडस लहान नव्हे. मात्र विधींत त्यानें संस्कृत आणलें नाहीं. अर्थ संस्कृतांत, मंत्र अवेस्तेंत, हा भेद त्यानें कसोशीनें पाळला. आजहि पारशी विधींत अवेस्ता-मंत्र मोठ्यानें म्हणतात, आणि मध्येंच पहलवी किंवा पाज़ंद वाक्य आलें कीं आवाज खालीं आणून ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. याला ‘बाज’ धरणें म्हणतात. हा ‘बाज’ शब्द म्हणजे आपली ‘वाच्’. आपल्या यज्ञांतहि यजुर्मंत्र बहुधा उपांशु म्हणतात, ऋचा उच्च स्वरानें. मुंबईस दादर येथील 1919 सालीं स्थापन झालेल्या अथोर्नान मदरशांत मुलें हें सर्व पाठ करितात. 2011 च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील पारशांची संख्या 57,264 भरली, त्यावरून हा पाठ म्हणणारे कंठ किती थोडे असतील याचा अंदाज करावा. वैदिक शाखांचीहि स्थिति निराळी नाहीं. पतंजलि सर्व वेदांच्या मिळून 1131 शाखा सांगतो. आज ज्यांचा सस्वर पाठ ऐकावयास मिळतो त्या बोटांवर मोजाव्या. यंत्रानें आवाज धरून ठेवतां येतो व तो धरलाहि जात आहे. पण जटा किंवा घन म्हणतांना शिष्य अडखळला असतां गुरु त्याला नेमक्या कोणत्या पदापासून पुन्हां सुरुवात करावयास लावतो, आणि मोबेद आपल्या मुलाला बाज धरून श्वास कोठें सोडावा हें कसें दाखवितो, हें अशा ध्वनिमुद्रणांत क्वचितच आढळतें. तें टिपून ठेवणारा, संस्कृत व अवेस्ता दोन्ही जाणणारा कोणी तरुण अभ्यासक पुढें आला तर त्याला पुण्यापासून फार दूर जावें लागणार नाहीं.